एफी विशार्टचा आकडा

“या चारशे बारा नोंदी काढून टाका, मिसेस विशार्ट,” प्रोफेसर ड्रमंड म्हणाले आणि लाल पेन्सिलीच्या खुणा केलेली जाडजूड वही त्यांनी टेबलावरून पुढे सरकवली. “उरलेल्यांची सरासरी नव्याने काढा.”

एफीने वहीला हात लावला नाही. मी खिडकीपाशी लघुलेखनाचं पॅड मांडीवर घेऊन बसले होते. विभागातली पत्रं आणि निबंध मीच टाइप करायचे, त्यामुळे अशा वेळी मला बोलावलेलं असायचंच. बाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं, आणि समोरच्या ग्रॅनाइटच्या इमारती एकेक करून दिसेनाशा होत होत्या.

“का काढायच्या?” एफीने विचारलं.

“प्रत्येकीपुढे कारण लिहिलंय. इथे रस्त्यावरून मासळीचा ट्रक गेला. इथे कुणीतरी वरचं दार आपटलं. इथे तळघरातलं तापमान चढलं होतं.”

“ते ट्रक तुम्हाला माझ्याच वहीत सापडले, सर. मीच लिहून ठेवते, ट्रक गेला, दार वाजलं.”

“तेच तर म्हणतोय मी.”

“मग लहान आकड्यांपुढचे ट्रक का नाही दिसले? पान चाळीस बघा. तिथे एकामागून एक दोन ट्रक गेलेत. पण आकडा लहान आला, म्हणून ती नोंद राहिली.” एफीचा आवाज चढला नव्हता. “तुम्ही ट्रक नाही काढलेत. मोठे आकडे काढलेत.”

माझी पेन्सिल थांबली. १९६१ साली आमच्या इन्व्हरार्डीच्या विद्यापीठात प्रोफेसर ड्रमंडांशी कुणी असं बोलत नसे. तळघरात उपकरणाशी बसणारी, आठ वर्षांपूर्वी याच इमारतीतल्या फरशा पुसणारी बाई तर नाहीच.

आकडा होता गुरुत्वाकर्षणाचा. जगातल्या कुठल्याही दोन वस्तू एकमेकींना किती जोराने ओढतात, ते या आकड्यावरून ठरतं. चंद्र असो की बटाटा, आकडा एकच. पण तो नेमका तेवढाच का, हे कुणी सांगू शकत नव्हतं. तो मोजायचा आणि पुस्तकात लिहायचा, एवढंच माणसाच्या हातात होतं, आणि प्रोफेसरांना तेच सलायचं. अकरा वर्षं खपून त्यांनी कागदावर सिद्ध केलं होतं की हा आकडा निव्वळ गणितातून निघतो, जग दुसऱ्या कुठल्या आकड्यावर उभंच राहू शकत नाही. त्यांच्या गणिताने आकडा येत होता ६.६६९४. एफी चार वर्षं मोजत होती. तिचा येत होता ६.६७३१.

किराणा दुकानात एवढा फरक कुणी बघतही नाही. पण प्रोफेसरांच्या गणितात इकडेतिकडे सरकायला जागा नव्हती. तो आकडा नाही, तर मग काहीच नाही.

“मिसेस विशार्ट,” ते समजुतीने म्हणाले, “दोन आणि दोन मोजून पाच आले, तर आपण गणित बदलत नाही. बोटं तपासतो.”

“चार वर्षं बोटंच तपासतेय मी.”

“तुमच्यावर माझा ठपका नाही. पण दुसरं काही होणं शक्यच नाही, हे समजून घ्या. हे असंच असायला हवं होतं.”

“हे मला आधीही एकाने सांगितलंय,” एफी म्हणाली.

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही माहीत नव्हतं. मला होतं, पण मी मान खाली घातली.

“मग सोमवारपासून उपकरण मिस्टर पिरींकडे द्यावं लागेल,” ते म्हणाले. पिरी म्हणजे नवीन आलेला मदतनीस, प्रोफेसरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा.

“द्या. पण त्याआधी एकदा तुम्ही मोजा. स्वतः. सहा रविवार माझ्या खुर्चीत बसा, रविवारी ट्रक नसतात. ही इना नोंदी लिहून घेईल. मी आत पाऊलही टाकणार नाही.”

“रविवारी चर्च असतं.”

“असतं,” एफी म्हणाली.

प्रोफेसर बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले. लबाड माणूस नव्हता तो. लबाड असता तर तिथेच नाही म्हणाला असता. “ठीक आहे,” ते म्हणाले. त्यांना खात्रीच असणार, की आपण बसलो की आकडा खाली येईल.

एफी आमच्याकडे आली त्याच्या आदल्या जानेवारीत मोठं वादळ झालं होतं. तिची मुलगी इशबेल नऊ वर्षांची होती. सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून बटरी आणायला गेली, ते आमच्याकडचे खारट चपटे पाव. परत येताना गल्लीच्या तोंडाशी एका घराचं धुराडं तिच्यावर कोसळलं. बस. त्यानंतर एफीचा नवरा वुल चर्चमध्ये आणखी नेमाने जायला लागला आणि एफीने जाणं सोडलं. रविवारी ती घरात बसेना, म्हणून साफसफाईला इथे यायची. रिकाम्या इमारतीत प्रोफेसरांनी एकदा तिला तळघराच्या दारात उभं पाहिलं. त्यांच्या उपकरणातली टांगलेली दांडी हलतेय हे त्यांच्याही आधी तिला दिसलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी तिला शिकवायला घेतलं. हात स्थिर, नजर बारीक, आणि तासन्‌तास काही न बोलता बसण्याची तयारी. प्रोफेसर सगळ्यांना सांगायचे, असा सहायक मला केंब्रिजमध्ये मिळाला नसता. एफीला शिकवणारा माणूस तो एकच. म्हणून वहीवरून वाद झाला तो शुक्रवार तिला सोपा गेला नसणार.

पहिल्या रविवारी प्रोफेसर नऊ वाजता तळघराच्या जिन्यावर आले तेव्हा एफीने त्यांना बूट काढायला लावले. आत मोज्यांवरच जायचं असतं, टाचेचा आवाजसुद्धा उपकरणाला लागतो. प्रोफेसरांच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. एफीने ते पाहिलं आणि दाराबाहेर जिन्यावर जाऊन बसली.

आत काय होतं? काचेच्या पेटीत केसाहून बारीक धाग्याला आडवी टांगलेली एक दांडी, तिच्या दोन टोकांना दोन लहान गोळे. पेटीबाहेर शिशाचे दोन मोठे गोळे, माणसाच्या डोक्याएवढे. शिसं लहान गोळ्यांना ओढतं, दांडी अगदी किंचित वळते, पुन्हा मागे येते. धाग्यावरच्या आरशावरून पडलेला प्रकाशाचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर सरकतो, आणि तो दुर्बिणीतून बघून वेळ घ्यायची. एका नोंदीला वीस मिनिटं. शिंकायचं नाही, खुर्ची करकरू द्यायची नाही. प्रोफेसर आकडा सांगायचे, मी लिहायचे. त्यांनी हे उपकरण बांधलं होतं, तो धागा स्वतःच्या हाताने तयार केला होता, पण त्याच्यासमोर असं बसले कधीच नव्हते.

पहिल्या दिवशी बारा नोंदी झाल्या. दुसऱ्या रविवारी अकरा. तिसऱ्या रविवारी ते अस्वस्थ होते, दोन नोंदी त्यांनी अर्ध्यात सोडल्या. बाहेर आल्यावर एफीने विचारलं, “सोडलेल्या लिहिल्या का?”

“अर्धवट होत्या.”

“अर्धवट म्हणून लिहा. सोडल्या ते लिहा.”

त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि लिहिलं.

गावात बोलणं सुरू झालं होतं. माझी थोरली बहीण चर्चमधून आली की बातम्या आणायची. “ड्रमंडबाई एकट्याच बसल्या होत्या आज. त्या विशार्टने आता प्रोफेसरलाही बिघडवलं. आता पुढचा नंबर तुझा, इना.”

“माझा लागून गेला,” मी म्हणाले.

सहाव्या रविवारी दुपारी आम्ही तिघं वर त्यांच्या खोलीत गेलो. हाताने फिरवायचं गणनयंत्र टेबलावर होतं. प्रोफेसरांनी स्वतः मूठ फिरवली. बहात्तर नोंदी. खालच्या पट्टीत आकडा आला ६.६७३३.

त्यांनी सगळं पुसून पुन्हा केलं. तोच. तिसऱ्यांदा मी आकडे वाचून दाखवले आणि त्यांनी डोळे मिटून मूठ फिरवली. तोच.

“नोंदी बरोबर आहेत,” ते म्हणाले.

“हो.”

“पण आकडा हा असू शकत नाही.”

“आहे.”

“का आहे?” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. “सांगा ना. हाच का? थोडा कमी का नाही, थोडा जास्त का नाही? काहीतरी कारण असायला हवं. कारण नसलेला आकडा म्हणजे नुसता अपघात. हे सगळं, तारे, समुद्र, आपण तिघं, एका अपघातावर उभं आहे असं म्हणायचंय तुम्हाला?”

एफी उभीच होती. कोटाचं वरचं बटण तिने लावलं, मग काढलं.

“माझी मुलगी बटरी आणायला गेली होती,” ती म्हणाली. “सहा सांगितल्या होत्या. बेकरीवाल्याने पाच दिल्या. ती गल्लीच्या तोंडापर्यंत आली, तिने पिशवीत मोजल्या आणि सहावी आणायला परत फिरली. परत फिरली नसती तर घरी असती. बेकरीवाला अजून मला रस्त्यात बघितलं की पलीकडे जातो. मी त्याला किती वेळा सांगितलं, की बाबा, तू मोजायला चुकलास, एवढंच.”



“पाद्री मॅकफेल घरी आले. म्हणाले, हे जगाच्या आधीच ठरलेलं होतं, दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. मी विचारलं, त्याने सहा दिल्या असत्या तर? म्हणाले, पाच देणंही ठरलेलंच होतं. वुलला ते पटलं. त्याला झोप लागते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, लागू दे त्याला झोप. पण मला ते नको. ती वाचू शकली असती. हे मी कुणाला हिरावून घेऊ देणार नाही. पाद्र्याला नाही आणि तुम्हालाही नाही.”

“मग असंही म्हणता येईल,” प्रोफेसर अगदी हळू म्हणाले, “की तुम्हाला जे हवं होतं तेच तुम्ही मोजलंत.”

“येईल ना. चार वर्षं मला तीच भीती होती. म्हणून तर तुम्हाला खुर्चीत बसवलं.”

 खाली चर्च सुटल्यावरची माणसं रस्त्याने जात होती.

“तुमच्या गणितातून निघाला तोच आकडा आला असता,” एफी म्हणाली, “तर मी तोच लिहिला असता, सर. रडत लिहिला असता, पण लिहिला असता. तो आला नाही. आणि तो यायलाच हवा म्हणून मी चारशे बारा नोंदी पुसणार नाही.”

“मला माहीत नव्हतं,” प्रोफेसर म्हणाले. “मुलीचं. आठ वर्षं तुम्ही इथे आहात आणि मला माहीत नव्हतं.”

“तुम्ही विचारलं नाहीत. आणि बरंच झालं. मला इथे कुणी विचारायला नकोच होतं.”

मला वाटलं, संपलं. पण मंगळवारी सकाळी माझ्या टेबलावर हस्तलिखित होतं. लंडनच्या नियतकालिकासाठी, एकोणचाळीस पानं. शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की गणिताने मिळालेला आकडा ६.६६९४ असून मोजमापानेही तोच येतो. हे अतिशय काटेकोर मोजमाप मिसेस युफिमिया विशार्ट यांनी केलं आहे आणि त्यांच्याविना हे काम उभं राहिलं नसतं. सहा रविवारांचा उल्लेख कुठेच नव्हता. चारशे बारा नोंदींचाही नव्हता.

त्यांनी तिचं नाव चांगुलपणानेच घातलं असावं, असं मला आजही वाटतं. तिला काहीतरी द्यावं असं त्यांना वाटलं असेल. तेच मला जास्त खुपलं. मी टंकयंत्रावर झाकण घातलं आणि ती पानं घेऊन तळघरात गेले. एफी जिन्यावर बसून चहाबरोबर ओटची बिस्किटं खात होती. तिने हात झटकून ते पान वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“माझं पूर्ण नाव कुठून कळलं त्यांना?”

“मीच सांगितलं होतं कधीतरी. एफी, मी हे टाइप करणार नाही.”

“तुझी नोकरी जाईल.”

“बावीस वर्षं झाली मला इथे. त्यांची जी वाक्यं पुरी होत नाहीत ती मी पुरी करते. मला काढून त्यांना चालणार नाही.”

ती हसली. मग म्हणाली, “यंत्राला कागद लाव. मला एक पत्र घालायचंय.”

पत्र लहान होतं. आपल्याकडे येणाऱ्या एका निबंधात माझ्या नावाने ६.६६९४ हा आकडा दिलेला असेल. मी तो मोजलेला नाही. मी मोजलेला आकडा ६.६७३१ आहे. एक हजार आठशे शेहेचाळीस नोंदी सोबत जोडल्या आहेत, त्यांत ट्रक, दारं आणि तापमान सगळं लिहिलेलं आहे. निबंधात त्यांतल्या चारशे बारा वगळलेल्या आहेत. आकडा चुकीचा असेल तर कुठे चुकला ते यात सापडेल. शेवटी मी सवयीने ‘आपली नम्र’ टाइप केलं.

“नम्र कशाला?” एफी म्हणाली. “आपली पुरे.”

मी नवा कागद लावला.

पत्र तिने परस्पर टाकलं नाही. उघडं पाकीट घेऊन ती आधी वर गेली. मला म्हणाली, मागून काही करायचं नाही. मी दारात उभी राहिले. प्रोफेसरांनी पत्र वाचलं, घडी घातली, परत तिच्या हातात दिलं.

“हे गेलं तर निबंध छापला जाणार नाही.”

“छापा ना, सर. तुमचा आकडा तुमच्या नावावर छापा. गणिताने आलेला म्हणून छापा. नुसतं मोजलेला म्हणू नका.”

“मग त्याला कोण विचारणार?” प्रोफेसर म्हणाले.

उत्तर खरं होतं. एफीने पाकिटाचं तोंड चिकटवलं. ती खाली उतरली आणि चौकातल्या लाल पेटीत तिने पाकीट टाकलं. पाकीट जाड होतं, दोनदा ढकलावं लागलं.

निबंध मी टाइप केलाच नाही. प्रोफेसरांनी तो पिरीकडून करून घेतला आणि तिचं नाव काढलं. आकडा मात्र तसाच ठेवला. तीन आठवड्यांनी लंडनहून उत्तर आलं. टपाल उघडणं माझं काम होतं. त्या चारशे बारा नोंदी का वगळल्या याचा खुलासा करावा, मग विचार करू, एवढंच होतं. प्रोफेसरांनी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि खुलासा कधीच पाठवला नाही. खोटा खुलासा लिहिणं त्यांना सहज जमलं असतं. तो त्यांनी लिहिला नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

एफीची बदली पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत झाली. पोरांना लंबक द्यायचे, फुटलेल्या नळ्या गोळा करायच्या, बाकं पुसायची. तळघराला कुलूप लागलं. पिरी वर्षभरात कॅनडाला गेला. गावातले लोक म्हणायचे, बाईने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, ज्या माणसाने वर आणलं त्यालाच दगा दिला. एफीच्या कानावर ते जायचं. मासळी बाजारात एकीने तोंडावरच विचारलं, “काय मिळालं गं तुला एवढं करून?”

“आकडा,” एफी म्हणाली आणि अर्धा डझन हेरिंग मागितल्या.

नंतर सात वर्षं त्या दोघांचं बोलणं नव्हतं. जिन्यात भेटले की ते टोपीला हात लावायचे, ती मान हलवायची. मग प्रोफेसर निवृत्त झाले, त्यांची बायको गेली, आणि ते रोज संध्याकाळी बंदराच्या भिंतीवर काठी टेकत फिरताना दिसायला लागले.

एका शनिवारी मी आणि एफी तिकडे गेलो होतो. ओहोटी होती, वारा बोचरा. प्रोफेसर दगडी बाकावर बसले होते, कोटाच्या खिशातून घड्या घातलेले कागद बाहेर आले होते. आम्ही पुढे निघालो होतो, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

“मिसेस विशार्ट.”

एफी थांबली.

“मला अजून कारण सापडलं नाही.”

“अजून शोधताय?”

“रोज सकाळी. तुमचा आकडा घेऊन. आता तुमचाच घेतो.” त्यांनी खिशातले कागद आत ढकलले. “मला अजून वाटतं, की तो तेवढाच असायला कारण असणार.”

“वाटू दे,” एफी म्हणाली. “शोधा तुम्ही.”

“आणि नसलंच तर?”

“तर नसलं.”

“ते सहन होत नाही हो.”

“नाहीच होत,” एफी म्हणाली.

 मग ते उठायला लागले, तशी एफीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं. त्यांच्या उजव्या बुटाची नाडी सुटून ओल्या दगडावर लोळत होती. एफीचा गुडघा तेव्हा दुखायचा, जिना उतरतानासुद्धा ती कठडा धरायची. ती बाकाला धरून सावकाश खाली बसली, हातमोजे काढून तिने माझ्याकडे दिले, आणि वाऱ्यात लाल झालेल्या बोटांनी तिने आधी नाडीतलं पाणी पिळलं, मग दुहेरी गाठ मारली. प्रोफेसर लहान मुलासारखा पाय पुढे करून बसून राहिले.